तलफ रक्ततपासणीत कळते का?

तुमचा प्रश्न असा: धाकटा भाऊ चार महिन्यांपासून ब्युप्रेनॉर्फिनच्या (गर्द सुटावी म्हणून देतात त्या) गोळ्यांवर आहे, गर्दची (हेरॉइनची) तलफ उरली आहे का हे सांगणारी तपासणी नागपुरात कुठे होते?

कुठेच होत नाही. धंतोलीतल्या एखाद्या लॅबने तसं पॅकेज दाखवलंच तर पैसे वाचवा.

संशोधनात खुणा सापडल्यात, पण गटाच्या सरासरीत. कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक तलफेच्या वेळी वाढलेलं दिसतं; पण ते मुळातच सकाळी चढतं, रात्री उतरतं, घरातल्या भांडणानंही वाढतं, शिवाय अफूवर्गीय औषधं त्याला दाबून ठेवतात. नाडीतला चढउतार, तळहाताचा घाम यांचंही तेच. मे महिन्यात इथे घाम कोणाला येत नाही? नशेच्या वस्तूंची चित्रं दाखवून केलेल्या मेंदूच्या एमआरआयवरून एकट्या माणसाबद्दल निदान करता येत नाही.

लघवीची तपासणी वेगळी. ती नशा केली का ते सांगते, हवीशी वाटली का ते नाही. गर्द साधारण दोन-तीन दिवस दिसते. साध्या पट्टीवर ट्रामाडोल (अफूवर्गीय वेदनाशामक) आणि ब्युप्रेनॉर्फिन सहसा येत नाहीत, आणि खसखस लावलेले अनारसे भरपूर खाल्ले तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते.

उपयोगी पडतो तो त्यानं स्वतः दिलेला ० ते १० आकडा. रोज गोळीच्या आधी आणि संध्याकाळी लिहायचा, शेजारी जागा आणि सोबत कोण होतं ते. वही त्याचीच असू द्या. आकड्यावरून झडती सुरू झाली की उत्तर कायम शून्य येतं.

आकडा पुढच्या गोळीआधीच्या काही तासांतच चढत असेल, सोबत जांभया, वाहतं नाक, अंगावर काटा, मोठ्या बाहुल्या असतील, तर बहुधा डोस कमी पडतोय किंवा गोळी गिळली जातेय. गिळलेली गोळी बरीचशी यकृतातच वाया जाते. आधी खर्रा थुंकून चूळ भरायची, मग गोळी जिभेखाली पूर्ण विरघळेपर्यंत, पाच-दहा मिनिटं, गप्प बसायचं. पेट स्कॅनच्या अभ्यासात २ मिलिग्रॅमनं मेंदूतले सुमारे ४० टक्के रिसेप्टर (अफूवर्गीय औषधं जिथे चिकटतात त्या जागा) व्यापले गेले, १६ मिलिग्रॅमनं ८० टक्के. म्हणून 'कमी गोळी बरी' हा घरच्यांचा आग्रह बरेचदा अंगाशी येतो. डोस मात्र डॉक्टरच बदलतील. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा मेयो रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जाताना वही सोबत न्या.

आकडा ठरावीक चौकात किंवा ठरावीक मित्राच्या फोननंतरच उसळत असेल, तर नुसता डोस वाढवून भागत नाही; ते समुपदेशकाला दाखवा.