इंग्लंडमध्ये माझ्या काकूंसाठी घरी येणाऱ्या मदतीचे तास कौन्सिलने (तिथल्या स्थानिक पालिकेने) कमी केले. असं करता येतं का? आम्ही पुण्याहून काय करू शकतो?

करता येतं, पण वाटेल तसं नाही. इंग्लंडमधल्या एका कौन्सिलमध्ये मी बरीच वर्षं हेच काम केलं. वृद्धांच्या घरी जायचं, त्यांना कशाकशात मदत लागते ते पाहायचं आणि लिहून काढायचं. तुम्ही म्हणता, सकाळी पाऊण तास येणारी केअरर (मदतनीस) आता वीस मिनिटांत निघून जाते, संध्याकाळी कुणीच येत नाही, आणि कारण विचारलं की "रिव्ह्यू (गरजेची फेरतपासणी) झाला" एवढंच सांगतात. तो रिव्ह्यूचा कागद आधी लेखी मागवा. सगळं त्यावर अवलंबून आहे.

भारतातल्या नातेवाइकांना बहुतेक वेळा वाटतं की एनएचएसचे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे, उपचार मोफत, तशी ही मदतही मोफत असेल. तसं नाही. आंघोळ घालणं, कपडे बदलणं, जेवण भरवणं ही कामं कौन्सिलच्या अखत्यारीत येतात आणि ती मिळकत पाहून दिली जातात. २०१० नंतर केंद्र सरकारने कौन्सिलांचं अनुदान वर्षानुवर्षं कापलं. २०१६ पासून या कामासाठी कौन्सिल टॅक्सवर (आपल्याकडच्या घरपट्टीसारखा कर) थोडा जादा आकार लावायची मुभा मिळाली खरी, पण गरीब भागात त्यातून पैसा कमी येतो आणि तिथेच गरज जास्त असते. शिवाय एक कपात अशी आहे की ती कुणी जाहीरच केली नाही. २३,२५० पौंडांपेक्षा जास्त बचत असेल तर संपूर्ण खर्च स्वतः करायचा, ही मर्यादा २०१० पासून तशीच आहे. महागाई वाढत गेली, आकडा हलला नाही. (घरीच मदत घेत असाल तर राहत्या घराची किंमत यात धरत नाहीत, हे काकांना नक्की सांगा. घर जाईल या भीतीने कित्येक जण मदत मागतच नाहीत.) माणसाला आयुष्यभरात या देखभालीवर किती खर्च करावा लागेल त्याला कमाल मर्यादा घाला, असं सरकारने नेमलेल्या डिल्नॉट आयोगाने २०११ मध्ये सांगितलं. कायदा झाला, अंमलबजावणी पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली आणि जुलै २०२४ मध्ये सरकारने ती योजनाच सोडून दिली. मला याचा फार राग येतो. हॉस्पिटल बंद होणार म्हटलं की लोक रस्त्यावर उतरतात. एका म्हातारीची संध्याकाळची भेट बंद झाली तर ते शेजाऱ्यालाही कळत नाही.

आता कायदा. केअर ॲक्ट २०१४ प्रमाणे एखाद्याची गरज निकषांत बसली की ती भागवणं कौन्सिलला बंधनकारक आहे. पैसे नाहीत म्हणून ती नाकारता येत नाही. ती कोणत्या मार्गाने भागवायची हे ठरवताना मात्र खर्च पाहता येतो, आणि सगळी ओढाताण तिथेच होते. एलेन मॅकडोनल्ड या स्कॉटिश बॅलेच्या एकेकाळच्या प्रमुख नर्तिका. पक्षाघातानंतर त्यांना रात्री कमोडपर्यंत जायला माणूस लागायचा. केन्सिंग्टन अँड चेल्सी कौन्सिलने माणसाऐवजी लघवी शोषणारे पॅड देऊ केले, त्यांचा लघवीवर ताबा असतानाही. २०११ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात त्या हरल्या. लेडी हेल या एकट्या न्यायाधीशांनी विरोधी मत दिलं. २०१४ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने त्यांच्या हक्काचा भंग झाल्याचं मान्य केलं, पण फक्त सुमारे वर्षभराच्या काळापुरतं: कौन्सिलच्याच कागदावर माणसाची गरज लिहिलेली होती आणि तरी तो दिला जात नव्हता, तेवढाच काळ. कागद बदलल्यानंतरच्या काळाबद्दल दोष दिला नाही. म्हणून मी कागदावर एवढा भर देतोय.

आणि त्या कागदावर काय लिहिलं जातं? आपल्या घरांत मी हे पुष्कळदा पाहिलं. सोशल वर्कर येणार म्हणून काकू सकाळपासून चांगली साडी नेसून बसतात. काका चहा टाकायला उठतात. "जिना चढता येतो का?" "येतो हो, सावकाश." की झालं, 'जिना स्वतः चढतात' अशी नोंद होते. परक्या माणसासमोर आपलं दुखणं उगाळायचं नाही हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. नियम तर काकूंच्या बाजूचा आहे: एखादं काम करताना खूप वेदना होत असतील, जीव घाबरा होत असेल, धोका असेल किंवा नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ लागत असेल, तर ते काम जमत नाही असंच धरायचं. पण सांगितलंच नाही तर अधिकारी लिहिणार कसं?

म्हणून रोज काय होतं ते काकांना आठवडाभर वहीत लिहायला सांगा. रात्री किती वेळा उठावं लागलं, कुठे तोल गेला, कोणत्या दिवशी आंघोळ राहिली. मग ती वही जोडून नव्याने असेसमेंट, म्हणजे गरजेची पाहणी, मागा. त्या दिवशी तुम्ही फोनवर हजर राहा आणि मराठी दुभाष्या हवा असं आधीच कळवा. "संध्याकाळचं काका करतात" असं कारण दिलं असेल तर काका ते करायला तयार आहेत का आणि त्यांना ते झेपतं का, हे विचारावंच लागतं. तुम्ही लिहिल्याप्रमाणे त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे. नाही म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क आहे, आणि त्यांचं स्वतःचं वेगळं 'केअरर असेसमेंट'ही (घरच्या माणसाची काळजी घेणाऱ्याच्या गरजांची पाहणी) मागता येतं. अटेंडन्स अलाउन्स (देखभाल लागणाऱ्या वृद्धांना मिळणारा सरकारी भत्ता) मिळत नसेल तर त्याचा अर्जही करा. त्याला उत्पन्नाची अट नाही.

कौन्सिलने ऐकलं नाही तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार आणि मग लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समन (कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणारी स्वतंत्र यंत्रणा), याच क्रमाने जायचं. ओम्बड्समनकडे फी लागत नाही. मात्र हे सगळं सुरू करण्याआधी "माझ्या वतीने अमुक व्यक्तीशी बोलावं" असं काकूंच्या सहीचं पत्र याच आठवड्यात कौन्सिलकडे पोहोचू द्या. त्याशिवाय ते तुम्हाला फोनवर काहीही सांगणार नाहीत.