वाचकांचे प्रश्न : जुन्या लॅपटॉपसाठी रॅम निवडताना

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१४ साली घेतलेला असून त्यात चौथ्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि हार्ड डिस्क आहे. ब्राउझरमध्ये सात-आठ टॅब उघडून जोडीला हिशेबाची एक्सेल फाइल उघडली की तो अडखळू लागतो. एका मित्राने आपल्या जुन्या लॅपटॉपमधून काढलेली ४ जीबीची डीडीआर३ रॅम मला देऊ केली आहे. ती बसवावी, की नवी ८ जीबीची विकत घ्यावी?

उत्तर : मित्राची रॅमची पट्टी स्वीकारण्यापूर्वी तिच्यावरचे लेबल वाचावे. त्यावर ‘पीसी३’ असे लिहिले असेल, तर ती १.५ व्होल्टवर चालणारी साधी डीडीआर३ आहे, आणि ‘पीसी३एल’ असे असेल, तर ती १.३५ व्होल्टवर चालणारी डीडीआर३एल आहे. लॅपटॉपसाठीच्या चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरांना १.३५ व्होल्टचीच रॅम लागते. दुर्दैवाने दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांना २०४ पिना असतात आणि खाचही एकाच जागी असते, त्यामुळे चुकीची पट्टीही स्लॉटमध्ये, म्हणजे रॅमच्या खोबणीत, व्यवस्थित बसते. मात्र त्यानंतर लॅपटॉप बहुधा सुरूच होत नाही आणि आपलेच काहीतरी बिघडले, असे वाटून माणूस घाबरतो. उलट, डीडीआर३एल पट्टी १.५ व्होल्टच्या त्याहून जुन्या लॅपटॉपमध्येही चालते. म्हणून लेबलावरचे ते एक ‘एल’ अक्षर आपल्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे आहे, हे मी आग्रहाने सांगतो.

तरीही खरेदीच्या आधी, लॅपटॉप खरोखर रॅमअभावीच अडखळतो का, हे पाहून घ्यावे. नेहमीची सगळी कामे उघडी ठेवून विंडोजच्या टास्क मॅनेजरमधील ‘परफॉर्मन्स’ या भागात ‘मेमरी’वर क्लिक करावे. वापर सतत नव्वद टक्क्यांच्या आसपास राहत असेल आणि त्याच वेळी डिस्कही शंभर टक्क्यांवर जात असेल, तर रॅम अपुरी पडत असल्याची ही बऱ्यापैकी खात्रीची खूण आहे, कारण रॅममध्ये न मावलेला मजकूर विंडोज हार्ड डिस्कवरील पेजफाइलमध्ये नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते, आणि फिरत्या तबकडीच्या डिस्कला ही ने-आण झेपत नाही. याउलट, निम्मी रॅम मोकळी असतानाही डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलेली दिसली, तर आधी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपांवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क, बसवावी. अशा लॅपटॉपवर रॅमसाठी खर्च करून पदरी निराशाच येते.

त्याच पडद्यावर एकूण किती स्लॉट आहेत आणि त्यांपैकी किती वापरात आहेत, हेही दिसते. ही माहिती उपयोगी असली, तरी मागचे झाकण उघडून प्रत्यक्ष खात्री करावी. काही बारीक लॅपटॉपमध्ये रॅमच्या चिपा मदरबोर्डवरच डकवलेल्या असतात आणि रिकामा स्लॉट नसतोच. तसे असेल, तर हा विषय तिथेच संपतो.

एक स्लॉट रिकामा असेल, तर आपल्या कामासाठी ४ जीबीची दुसरी डीडीआर३एल पट्टी पुरेशी ठरेल. दोन्ही स्लॉटमध्ये सारख्या क्षमतेच्या पट्ट्या असल्या, की प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी देवाणघेवाण करतो. याला ड्युअल चॅनल म्हणतात. आपल्या लॅपटॉपमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल, तर पडद्यावरचे चित्रही याच रॅममधून काढले जाते, त्यामुळे तिथेही फरक जाणवतो. पुढे फोटो किंवा व्हिडिओ संपादनाचा विचार असेल, तर मात्र ८ जीबीची पट्टी घ्यावी. आहे त्या ४ जीबीसह एकूण १२ जीबी होतील आणि त्यांतले ८ जीबी ड्युअल चॅनलमध्येच चालतील. वेगाची फार चिंता करू नये. जुनी पट्टी १६०० मेगाहर्ट्झची असेल, तर नवीही १६०० चीच घ्यावी; वेग वेगळे असले, तर दोन्ही पट्ट्या कमी वेगाने चालतात, इतकेच.

पट्टी बसवताना लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढावा, बॅटरी निघत असल्यास काढावी, आतली असल्यास तिची जोडणी सोडवावी, आणि अंगातली स्थिर वीज निघून जावी म्हणून एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला हात लावावा. पट्टी कडेने धरून सुमारे तीस अंशांच्या कोनात तिरकी सरकवावी. सोनेरी पिना जवळजवळ दिसेनाशा झाल्या, की ती हलकेच खाली दाबावी. दोन्ही बाजूंच्या क्लिपा ‘खट्’ असा आवाज करून बसल्या नाहीत, तर जोर न लावता पट्टी काढून पुन्हा सरकवावी. पहिल्या खेपेस पडदा थोडा वेळ काळा राहू शकतो. त्यानंतर रॅम तपासणारे ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ एकदा अवश्य चालवावे, विशेषतः पट्टी वापरलेली असेल तर.

आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार (सुरक्षा अपडेट वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि चौथ्या पिढीचे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. रॅम वाढवल्याने ही अडचण सुटत नाही. विंडोजऐवजी लिनक्स ही संगणक प्रणाली वापरण्याची तयारी असल्यास ८ जीबी रॅम आणि एसएसडीवर हाच लॅपटॉप आणखी काही वर्षे चांगला चालेल.

प्रश्न : माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम बसवली, पण विंडोज १० त्यातली सुमारे ३.२ जीबीच वापरण्याजोगी दाखवते. रॅम खराब आहे का?

उत्तर : बहुधा नाही. आपले विंडोज ३२ बिटचे असावे. ‘सिस्टम’ सेटिंग्जमधील ‘सिस्टम टाइप’ या ओळीत ते कळेल. घरगुती वापराच्या ३२ बिट विंडोजला मेमरीतील ४ जीबीपर्यंतच्याच जागांचे पत्ते वापरता येतात आणि त्यांतलेही काही ग्राफिक्स व इतर उपकरणांसाठी राखीव जातात. त्याच ओळीत प्रोसेसर ‘एक्स६४’ असल्याचे दिसले, तर ६४ बिट विंडोज टाकता येईल. त्यासाठी वेगळा परवाना लागत नाही, मात्र ते नव्यानेच टाकावे लागते, म्हणून आपल्या सर्व फायली आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून त्या तिथून उघडतात ना, हे तपासून घ्यावे.