सोलापूरहून जाऊन पाहावं असं, गर्दी नसलेलं पण इतिहास असलेलं किनाऱ्यावरचं छोटं गाव कोणतं?

दाभोळ. दापोली तालुक्यात, वाशिष्ठी समुद्राला मिळते तिथलं. पुळणीवर लोळायचं असेल तर मात्र खाडीपलीकडे गुहागरला जा.

सोलापूरकराला मी हेच गाव सुचवीन. आपण शाळेच्या सहलीपासून विजापूर बघतोय, गोलघुमटात ओरडून आलोय. पण त्या दरबाराचे अरबी घोडे कुठल्या धक्क्यावर उतरायचे? दाभोळ हे आधी बहामनींचं आणि मग आदिलशाहीचं मोठं बंदर. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी 1470 च्या आसपास एक घोडा विकायला घेऊन अलिबागजवळच्या चौल बंदरात उतरला, बिदर-गुलबर्गा हिंडला आणि परतीच्या जहाजात बसला तो दाभोळलाच.

पंढरपूर, कराड करत कुंभार्ली घाट उतरा, चिपळूणहून गुहागरच्या बाजूने धोपाव्याला या आणि फेरीबोटीत गाडी चढवा. दापोलीकडूनही रस्ता आहे, पण दाभोळात शिरावं ते पाण्यावरूनच. धक्क्याजवळच दगडी मशीद आहे. एक मोठा घुमट, चार मिनार, सगळा थाट विजापुरी. लोक तिला अंडा मशीद म्हणतात, मासाहेबांची मशीदही म्हणतात. मक्केला निघालेली विजापूरची शहजादी आयेशाबीबी समुद्रातल्या चाच्यांच्या भीतीने इथेच अडकली आणि बरोबरच्या पैशातून तिने ही बांधली, अशी कथा. वीस हजार स्वार, पंधरा लाख रुपये वगैरे आकडे ऐकून घ्यावेत आणि सोडून द्यावेत.

साल मात्र 1659 सांगतात, आणि ते मला जास्त भावतं. त्याच वर्षी अफजलखान आपल्या तुळजापूर-पंढरपूरकडून वाईला गेला आणि नोव्हेंबरात प्रतापगडाखाली संपला. त्याची जहाजं तेव्हा दाभोळात होती. ती मराठ्यांपासून वाचवायला राजापूरला हलवली गेली, आणि मागोमाग मराठेही तिकडे पोचले.

त्याआधीचा घाव पोर्तुगीजांचा. 1508 च्या मार्चमध्ये चौलजवळच्या लढाईत व्हाइसरॉय अल्मेदाचा मुलगा मारला गेला. त्याचा सूड घ्यायला निघालेल्या बापाने डिसेंबरअखेर दाभोळ जाळलं, माणसं कापली आणि मग दीवकडे गेला. दाभोळ त्यातूनही सावरलं. ओसरलं ते पुढे, व्यापार सुरत-मुंबईकडे वळल्यावर.

चंडिकादेवीचं गुहेतलं देऊळ चुकवू नका. वाकून आत जायचं, उजेड समयांचा. समोरच्या तीरावर अंजनवेलचा गोपाळगड आहे. एन्रॉनमुळे गाजलेला 'दाभोळ' वीज प्रकल्पही त्याच तीरावर. नाव मिळालं दाभोळला, प्रकल्पाची धुराडी गुहागर तालुक्याला!

मुक्काम गुहागरला किंवा दापोलीला करा, तिथे राहायची सोय जास्त आहे. भर पावसाळा टाळा, कुंभार्लीत दरडी येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. आणि निघण्याआधी फेरीची शेवटची वेळ विचारून घ्या, नाहीतर चिपळूणवरून मोठा वळसा पडतो.