आकडी येणाऱ्या बाळासाठी घरची तयारी

ताई, आकडी सुरू झाली की आधी घड्याळ बघा. घाबरल्यावर एक मिनिटही फार मोठं वाटतं, आणि पुढचा निर्णय वेळेवरच ठरतो. बाळाला कुशीवर वळवा, म्हणजे लाळ-उलटी बाहेर वाहते, श्वासनलिकेत जात नाही. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही नको. कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ जातो. आजी-आजोबांना हे आधीच समजावून ठेवा.

पाच मिनिटांत थांबली नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलामचा नाकातला फवारा द्या. इथेच बहुतेक जण चुकतात. नवी बाटली हवेत दाबून बारीक तुषार येईपर्यंत तयार करावी लागते, नाहीतर पहिले फवारे रिकामेच जातात. डोस दोन्ही नाकपुड्यांत निम्मा-निम्मा द्या. एकाच बाजूला दिला तर औषध घशात उतरतं. एका फवाऱ्यात किती मिलिग्रॅम हे बाटलीनुसार बदलतं, म्हणून नेमके किती फवारे ते बाटलीवरच चिकटपट्टीवर लिहा आणि बाळाचं वजन वाढलं की डॉक्टरांकडून तपासून घ्या. ओठ निळे पडले, श्वास मंदावला किंवा फवाऱ्यानंतरही आकडी सुरूच राहिली तर लगेच १०८.

रोजचं औषध सिरिंजनेच मोजा, घरातल्या चमच्यांचं माप सारखं नसतं. आकड्या थांबल्या म्हणून ते मनानं बंद करू नका. अचानक तोडल्यास न थांबणारी आकडी येऊ शकते. दहा दिवसांचं औषध उरलं की नवी बाटली आणा. दुसरं कुणी घरात असेल तर आकडीचा व्हिडिओ घ्यायला सांगा, डॉक्टरांना त्यातून आकडीचा प्रकार ओळखायला मोठी मदत होते.