कोल्हापूर भागात गाडी चालवायला सर्वांत धोक्याचा ऋतू कोणता?

तुम्ही पुण्याहून बदलीवर येताय, गाडी नवी शिकलाय आणि इथल्या पावसाळ्याची धास्ती घेतलीय, असं प्रश्नावरून दिसतंय. धास्ती खोटी नाही. पण माझं मत विचाराल तर खरी काळजी साखर कारखान्यांची धुराडी पेटल्यावर, म्हणजे दिवाळीच्या आसपासपासून घ्यायची.

पावसात निदान इशारा मिळतो. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ ला धोका. हे आकडे इथं पोराटोरांना पाठ आहेत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला, वाहतूक बंद, विषय संपला. घात होतो तो ‘एवढंसं तर पाणी आहे’ म्हणत गावाकडच्या बंधाऱ्यावर गाडी घालणाऱ्याचा. तिथं धड कठडा नसतो, आणि फूटभर वाहतं पाणीही लहान गाडी उचलू शकतं. गगनबावड्याहून कोकणात उतरणाऱ्या करूळ घाटात दरडी आणि धुकं. पावसाळ्यात तिकडं रात्री जाऊच नका.

उसाच्या हंगामात मात्र सावध करायला कुणी नसतं. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलानं माखलेला. पुढं काढताना एक ट्रॉली संपली म्हणून आत वळाल, तर दुसरी असते. रात्री समोरून एकच दिवा आला तर मोटारसायकल समजू नका. एक हेडलाइट गेलेला ट्रॅक्टर असू शकतो, आणि उरलेला दिवा कुठल्या बाजूचा हे कळेपर्यंत तो जवळ आलेला असतो. चढाला मागं चिकटू नका. ओझ्यानं ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात. ट्रॉली पंक्चर झाली की रस्त्यातच उभी करून भोवती दगड मांडतात. ट्रॉली जाते, दगड तिथंच! दुचाकीवाल्यांना याचा फार त्रास. त्यात पहाटे नदीकाठी धुकं आणि पेटवलेल्या पाचटाचा धूर.

उन्हाळ्याचं फार काही नाही. टायरची हवा गाडी गार असताना बघा. वळीव सुरू झाला की थोडा वेळ थांबा, धूळ-तेलानं रस्ता साबणासारखा होतो. फक्त जुन्या झाडाखाली थांबू नका.

नोकरी शिरोली एमआयडीसीत की कागलला, ते लिहिलं नाहीत. शिरोलीत असेल तर भाड्याचं घरही पंचगंगेच्या त्याच अंगाला बघा, म्हणजे पुरात नदी ओलांडायची वेळ येणार नाही.