ब्लेझर नाहीये, इंटरव्ह्यूला जाऊ कशी?

जून-जुलै आला की डिप्लोमा, बीकॉम झालेली पोरं माझ्याकडे यायला लागतात आणि "मॅडम, इंटरव्ह्यूला काय घालू" हे बहुतेक सगळीच विचारतात. प्रश्न वरवरचा वाटतो पण नसतो, म्हणून एका मुलीचं सांगते, तिला विचारून आणि ओळख लागणार नाही एवढं बदलून.

मेकॅनिकल डिप्लोमा, निफाडकडची, घरची द्राक्षबाग. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीच्या, म्हणजे तयार माल तपासायच्या, जागेसाठी बोलावणं आलेलं. रील्स बघून बघून तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं की ब्लेझर नसेल तर आपला नंबर लागतच नाही. मावसबहिणीचा ब्लेझर मागून आणला होता. म्हटलं घाल आणि बस समोर. खांदे उतरलेले, बाह्या पार बोटांपर्यंत. मी साधंच काहीतरी विचारत होते, प्रोजेक्ट कशावर केला वगैरे, आणि ती उत्तर देता देता सारखी बाही मागे सारत होती, अर्धं लक्ष तिकडेच.

मग विचारलं, नेमकी भीती कसली वाटते गं? बराच वेळ गप्प, मग डोळेच भरून आले. "बघितल्या बघितल्या कळेल ना मॅडम, खेड्यातली आहे म्हणून."

कॉलेजला पहिल्या वर्षी तिच्या ड्रेसवरून कोणीतरी बोललेलं, ते अजून आत रुतून बसलेलं. अशा वेळी "काही होत नाही" म्हणून मी वाटेला लावत नाही, कारण माणसं दिसण्यावरून मत बनवतात हे खरंच आहे. पण आपल्याला वाटतं तेवढं लोक आपल्याकडे बघत नसतात हेही तितकंच खरं. अमेरिकेत थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली एक अभ्यास छापला, त्यात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा फोटो असलेला टीशर्ट घालून बाकीच्यांसमोर पाठवलं होतं. त्यांना वाटलं, जवळपास निम्म्या लोकांनी फोटो ओळखला असेल. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांनाच सांगता आलं. हे ऐकून ती पहिल्यांदा हसली, आणि मग कपड्यांचं बोलणं सोपं झालं.

क्वालिटीच्या उमेदवारांना बरेचदा शॉप फ्लोअरवर, म्हणजे मशीन चालतात तिथे, फिरवून आणतात. फिरत्या मशीनजवळ मोकळी ओढणी, बांगड्या, लोंबते कानातले म्हणजे सरळ धोका, आणि चपलेवर आत सोडत नाहीत. म्हटलं एचआरला फोन लाव आणि विचार. धीर होत नव्हता, शेवटी माझ्यासमोर केला, तर समोरून नीट सांगितलं की हो, प्लांट राउंड आहे, बंद बूट घालून या. एवढ्या फोननं तिची निम्मी काळजी गेली.

ठरला तो तिचाच राखाडी कुर्ता, कॉटन मिक्सचा, कारण प्योर कॉटन एसटीत बसून पार चुरगळतो. कमरेत ढगळ होता तो टेलरकडून फिटिंग करून घेतला. खाली गडद निळी पँट, पांढरी सलवार नको म्हटलं, पावसात सिटीलिंक बसची वाट बघत उभं राहायचं म्हणजे चिखलाचे शिंतोडे उडणारच. बूट नवे घ्यावे लागले, ते आधी घरात घालून वावरायला सांगितलं, नाहीतर ऐन दिवशी चावतात. आईला हा साधा ड्रेस पटेना, "जरा भारीतला घाल की", पण यावेळी तिनंच आईला समजावलं.

इंटरव्ह्यू झाल्यावर तिचा फोन आला. साहेबांनी व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, हातात दिला, लीस्ट काउंट (त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप) विचारला, हिनं ०.०२ मिमी सांगितला आणि समोरचा पार्ट मोजून दाखवला. कपड्यांवर कोणी अवाक्षर काढलं नाही. दुसऱ्या राउंडला बोलावलंय.

ऑफिसची किंवा बँकेची जागा असेल तर हेच कपडे लागतील असं नाही, साडी चालेल, इस्त्रीचा पंजाबी ड्रेस चालेल, मुलांना साधा फुल शर्ट आणि फॉर्मल पँट. उसने घ्यायलाही हरकत नाही, फक्त आदल्या दिवशी ते घालून खुर्चीवर बसा, फाईल काढा, दहा मिनिटं घरच्यांशी बोला. हात सारखा कपड्यांकडे जात असेल तर दुसरे घाला.