सुलेमानिये मशीद म्हणजे हागिया सोफियाचीच नक्कल ना? मग ती वेगळी बघायची कशाला?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की इस्तंबूलला दोनच दिवस आहेत, हागिया सोफिया आणि निळी मशीद यादीत आहेत, आणि मित्र म्हणतो, "सगळ्या एकाच साच्यातल्या, एक बघितली की झालं." मी पेशाने स्ट्रक्चरल इंजिनियर. तेव्हा उत्तर थोडं दगड-चुन्याच्या अंगाने जाईल, तेवढं चालवून घ्या.

मित्राचं निम्मं बरोबर आहे. सुलेमानियेचा आराखडा हागिया सोफियाचाच, म्हणजे मूळच्या एका चर्चचा आहे. मधे मोठा घुमट, त्याच्या पुढे-मागे एकेक अर्धघुमट, डाव्या-उजव्या बाजूला मोठी कमान आणि त्या कमानीत खिडक्यांनी भरलेली भिंत. पण हा आराखडा घेतला तो दुसरा माहीत नव्हता म्हणून नाही. सुलेमानिये बांधणारा मिमार सिनान हा ऑटोमन तुर्की सुलतानांचा मुख्य वास्तुकार. त्याने त्याआधी, 1543 ते 1548 मध्ये, ज्याच्या नावाची ही मशीद त्याच सुलतान सुलेमानसाठी शहजादे मशीद बांधली होती आणि तिथे चारही बाजूंना अर्धघुमट दिले होते. इंजिनियरच्या नजरेने तो जास्त सुटसुटीत उपाय. घुमटाचा रेटा चारही दिशांना सारखा वाटला जातो, काम संपलं. तो हातात असताना 1550 ला सुलेमानिये सुरू करताना हा माणूस मुद्दाम जुन्या, अवघड आराखड्याकडे वळला. मला तर हे उघड आव्हान वाटतं: बायझंटाईन सम्राट जस्टिनियनने 537 मध्ये उभं केलं ते समोरच्या टेकडीवर आहे, आता तोच डाव मी खेळून दाखवतो.

एक गैरसमज मात्र काढायला हवा. ऑटोमनांना मोठ्या घुमटाचं वेड हागिया सोफिया हाती आल्यावर लागलं, असं सर्रास सांगितलं जातं. पण एदिर्ने या त्यांच्या आधीच्या राजधानीतली उच शेरेफेली मशीद 1447 मध्ये पूर्ण झाली, म्हणजे इस्तंबूल जिंकण्याच्या सहा वर्षं आधी, आणि तिचा मधला घुमट जवळपास 24 मीटरचा आहे. दिशा आधीच ठरली होती. हागिया सोफियाने पुढचं उत्तर दिलं, प्रश्न त्यांचा स्वतःचा होता. पुढे-मागे दोन अर्धघुमटांची रचनाही सिनानच्या आधी 1506 ला पुऱ्या झालेल्या बायेझिद मशिदीत येऊन गेली होती.

आता फरक कुठे आहे ते सांगतो.

घुमट नुसतं वजन खाली टाकत नाही, तो बाहेरच्या बाजूला रेटतोसुद्धा. पुढे-मागे अर्धघुमट आहेत, ते हा रेटा अंगावर घेतात. डावी-उजवीकडे अर्धघुमट नाहीत, तिथे रेटा थोपवायला काहीतरी अवजड उभं करावंच लागतं. हागिया सोफियात त्यासाठी बाहेर दगडविटांचे प्रचंड टेकू आहेत. तेही पुरले नाहीत. पहिला घुमट 558 मध्ये कोसळला, नंतर 989 आणि 1346 मध्येही त्याचे भाग पडले आणि दर काही पिढ्यांनी कुणीतरी बाहेरून नवा आधार जोडत आलं. 1573 च्या सुमाराला असे आधार देणाऱ्यांत म्हातारा सिनान स्वतः होता! बाहेरून ती इमारत कुबड्या घेतल्यासारखी दिसते ती यामुळे.

सुलेमानियेत हेच टेकू कुठे आहेत ते शोधून दाखवा. मला पहिल्यांदा दिसलेच नाहीत. सिनानने ते बाजूच्या भिंतीतच बसवले, थोडे आत, थोडे बाहेर. बाहेरच्या अंगाला दोन टेकूंच्या मधल्या जागेत दुमजली कमानींचे सज्जे घातले आणि खाली वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्यासाठी, नळांची रांग दिली. आतल्या अंगालाही तसेच सज्जे. लोक तिथे बसून पाय धुतात आणि त्यांच्या दोन्ही अंगांना अख्ख्या घुमटाचा रेटा पेलणारी भिंत उभी असते. ज्या भागाची हागिया सोफियात अडचण झाली तोच इथे सगळ्यात देखणा दर्शनी भाग झाला. नक्कल करणारा माणूस हे करत नाही.

आतला फरक तर त्याहून मोठा. हागिया सोफियात मधली जागा आणि बाजूची जागा यांच्यामध्ये खांबांच्या दाट रांगा आहेत, वर सज्जा आहे, त्यामुळे मधे लखलखाट आणि कडेला अंधार. सुलेमानियेत प्रत्येक बाजूला दोन मोठ्या दगडी स्तंभांच्या मधे फक्त दोन ग्रॅनाइटचे खांब आहेत. बस्स. तीन उंच कमानी आणि पलीकडची भिंत थेट दिसते. बाजूच्या जागेवर पाच-पाच घुमट आहेत, तेही एक मोठा, एक लहान असे आलटून-पालटून, म्हणजे कडेलासुद्धा छत ठेंगणं वाटत नाही. नमाजाला रांगा करून उभं राहायचं तर मधे खांबांचं जंगल नको, ही गरज. सिनानने तिच्यासाठी चर्चचा आराखडा आतून मोकळा केला.

आकड्यांत तो हरला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. सुलेमानियेचा घुमट साधारण साडेसव्वीस मीटर व्यासाचा, हागिया सोफियाचा एकतीसच्या आसपास. पण उंची जमिनीपासून सुमारे 53 मीटर, म्हणजे व्यासाच्या दुप्पट, आणि हे प्रमाण आत उभं राहिल्यावर डोळ्यांना कळतं. व्यासाची बरोबरी त्याने पुढे एदिर्नेच्या सेलिमियेत केली, 1570 च्या दशकात, ऐंशीच्या घरात असताना.

ते चार ग्रॅनाइटचे खांब जरूर निरखा. सिनानच्या आठवणी त्याच्या कवी मित्राने, मुस्तफा साई चेलेबीने, लिहून ठेवल्या. त्यानुसार एक खांब अलेक्झांड्रियाहून, एक लेबनॉनमधल्या बालबेकहून, एक इस्तंबूलच्याच किझताशी भागातून आणि एक राजवाड्यातून आणला. चारही जुने, कुठल्या कुठल्या प्राचीन इमारतींचे. सगळं साम्राज्य एका छताखाली आणायचा हा ठरवून केलेला थाट.

बांधकामाचे हिशेबाचे कागद शाबूत आहेत, आणि माझ्या दृष्टीने ते मशिदीइतकेच मोलाचे. त्यातून कळतं की निम्म्याहून अधिक मजूर रोजंदारीवरचे मोकळे कारागीर होते, सुमारे चाळीस टक्के लष्करात भरती झालेली शिकाऊ पोरं, आणि गलबतांवरचे गुलाम पाचेक टक्केच. कारागिरांत मुसलमान आणि ख्रिस्ती जवळजवळ निम्मे-निम्मे. "गुलामांच्या घामावर उभी राहिली" असं ठोकून देणारे व्हिडिओ बघितले असतील तर हे त्यांना ऐकवा. सात वर्षांत, 1557 मध्ये, मुख्य काम पूर्ण.

गाईड लोक एक गोष्ट हमखास सांगतील. काम रेंगाळतंय म्हणून सुलतान चिडून आला तर सिनान मशिदीत हुक्का ओढत बसलेला! मग कळलं की तो पाण्याच्या गुडगुडीचा आवाज कुठवर पोचतो ते तपासत होता. गोष्ट झकास आहे, पण तुर्कस्तानात तंबाखू 1600 च्या आसपास पोचली, मशीद त्याआधी चाळीसेक वर्षं उभी होती. आवाजाची काळजी घेतली होती हे मात्र खरं. घुमटाच्या बांधकामात आत तोंड करून मातीची पोकळ मडकी बसवलेली आहेत.

बाहेर पडताना मुख्य दाराच्या वरच्या बाजूला बघा. तिथे काजळीची खोली आहे. आत तेलाचे शेकडो दिवे जळायचे. हवेचा ओघ असा ठेवला होता की धूर तिकडे ओढला जावा आणि जमलेल्या काजळीची शाई व्हावी. भिंती काळ्या पडू नयेत म्हणून केलेली ही युक्ती आजच्या कुठल्याही व्हेंटिलेशनवाल्याने हात जोडावेत अशी आहे. उलट घुमटातली रंगीत नक्षी पाहून सिनानला दाद देऊ नका, ती बरीचशी 19 व्या शतकातल्या दुरुस्तीतली आहे. 1660 ची आग, 1766 चा भूकंप, पहिल्या महायुद्धात अंगणात दारूगोळा ठेवला असताना लागलेली आग, इतकं सोसून रंग टिकणार कुठून. इमारत टिकली. त्याच 1766 च्या भूकंपात फातिह मशीद इतकी मोडली की ती नव्याने बांधावी लागली.

आणि नुसती मशीद बघून फिरू नका. भोवती मदरसे, दवाखाना, वैद्यकशाळा, हमाम, गरिबांसाठी अन्नछत्र असं अख्खं गाव वसवलं होतं. टेकडीच्या उतारावरचे मदरसे पायऱ्यांसारखे खाली उतरतात, ते गोल्डन हॉर्न या खाडीच्या बाजूने दिसतात. मागच्या दफनभूमीत सुलेमान आणि त्याची बायको हुर्रेम यांच्या कबरी आहेत. सिनानची स्वतःची आवाराबाहेर, रस्त्याच्या कोपऱ्यावर, चटकन चुकेल अशी. समोरच्या रांगेत राजम्यासारख्या पांढऱ्या घेवड्याची उसळ आणि भात मिळतो, दुपारचं तिथेच उरका. शाकाहारी असाल तर आधी विचारा, काही ठिकाणी त्यात मांस असतं.

दोन दिवसांचं गणित असं लावा. आधी हागिया सोफिया. 2024 पासून परदेशी पर्यटकांना तिकीट काढून वरच्या सज्ज्यातूनच बघावी लागते, पण कडेचा अंधार आणि मधला उजेड हा फरक तिथून नीट कळतो. त्याच दिवशी सुलेमानिये, म्हणजे तुलना डोळ्यात ताजी राहील. तिथे तिकीट नाही, नमाजाच्या वेळा आणि शुक्रवारची दुपार तेवढी टाळा. निळी मशीद 1617 ची, सहा मिनारांची, भिंतींवरच्या वीस हजारांवर रंगीत इझनिक फरशांची, फोटोत फार छान येते. पण तिचा घुमट ज्या चार स्तंभांवर आहे ते एकेक पाच मीटर जाडीचे, आणि सुलेमानिये बघून आल्यावर ते डोळ्यांत खुपतात. वेळ उरला तर जा.